खिळ्यापासून वर

दिवाळे गावात, जाळी सुकवायच्या मांडवांमागे
ती शेड. पत्रा कधीकाळी हिरवा होता.
चौदा फूट. खांबाच्या आतल्या अंगापासून
समोरच्या खांबाच्या आतल्या अंगापर्यंत.
तीनदा मोजलं मी, एकदा भरतीला, दोनदा ओहोटीला,
गुडघाभर चिखलात, टेपचं टोक दातात धरून.

सावला शेठची बोट रुंदीला अकरा फूट आठ इंच.
उरले अठ्ठावीस.
लिफ्टचे गर्डर दोन्हीकडे दहा-दहा.
उरले आठ, म्हणजे अलीकडे चार, पलीकडे चार.
"बास झाले की," शेठ फोनवर म्हणाले,
"आमच्या पार्किंगमध्ये एवढेही मिळत नाहीत."

पार्किंगमध्ये जमीन हलत नाही, शेठ.

उंचीचं दुखणं निराळं.
बोट पाण्याबाहेर उचलायची, तर तिचा तळ
मोठ्यातल्या मोठ्या उधाणाच्या वर हवा.
खांबावर कालवं जिथवर चिकटलीत
तिथून मी कैचीपर्यंत टेप सोडला:
अकरा फूट पाच.
पोशा नाखवा मागे उभे होते, बनियनवर, हातात चहा.
"बाय, पानी काय कालवांना इचारून चरत नाय."
आणि पाच इंच वर, गंजून खांबाच्याच रंगाचा झालेला
एक खिळा दाखवला बोटाने.
कुठल्याशा भादव्याच्या अवसेला
त्यांनीच ठोकला होता, छातीभर पाण्यात उभं राहून.

म्हणजे अकरा फूट.
बोट तळापासून कमानीपर्यंत बारा फूट नऊ.

त्या रात्री रबाळ्याच्या वर्कशॉपमध्ये
रियासतने कमानीला बिजागऱ्या बसवायच्या म्हणून
पुठ्ठ्याची कमान कापली, दुमडली, उघडली, दुमडली.
आडवी पडली की दहा फूट तीन.
राहतात नऊ इंच. नऊ इंचांत संसार होतो.

पण त्या नऊ इंचांत,
कैचीखाली, सुंभाच्या फासांत निजलेली
पोशा नाखवांची डोलकाठी.

मी विषय काढला नाही. टेप नुसता उघडत, मिटत राहिले.
सावलांनी शेड भाड्याने घेतली होती, करार झाला होता,
करारात डोलकाठीचं नाव नव्हतं.
चौथ्या दिवशी गेले तर ती खाली उतरवलेली,
दोन बाकड्यांवर आडवी,
आणि नाखवा तिच्या गाठी चाचपत होते,
बाजारात पापलेट चाचपावं तसे.
"चिरून दे. दोन-दोन इंचाच्या फल्या.
गर्डरला आतून लाव.
लोकंडावर घासली तर शेठची पोर रडंल."

चारातले दोन गेले. उरले दोन इकडे, दोन तिकडे.

दिवस त्यांनीच ठरवला. अष्टमी, भांगाचं पाणी.
आठ पाउणे सहा, खाडीत वर अर्धा तास,
साडेसहाला पाणी थांबेल, म्हणाले,
आणि साडेसहाला पाणी खरंच थांबलं,
पुलाची सावलीसुद्धा.
शेठने इंजिन बंद केलं. चेहरा असा,
जणू ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेत.
मग दोर. नातू हर्षल डाव्या गर्डरवर, रियासत उजव्या,
अनवाणी, तळव्यांनी बोटीला ढकलत,
आणि मध्ये कुणीच काही बोलत नव्हतं.
एकदा लाकूड कुरकुरलं.
नाखवांनी मान वळवली नाही.

मोटर गुणगुणली. बोट उठली,
तिच्या पोटाखालून पाणी निथळत राहिलं बराच वेळ.
वर रिकामे सुंभाचे फास
दुमडल्या कमानीवर टेकले, वाकले, राहिले तसेच.

बिल लिहायला मी जेट्टीच्या पायरीवर बसले.
गर्डर, मोटर, बिजागऱ्या, मजुरी.
लाकूड.
"नाखवा, लाकडाचे किती लावू?"
"लाकूड इकला नाय मी. भारं लाव."
"महिन्याचं?"
ते पाण्याकडे बघत राहिले. ओहोटी नुकती लागली होती.
"उधानाला येगलं," म्हणाले, "भांगाला येगलं."